मनगट कुठून सुरू होते

आंबेहळद गरम केली, की तिच्या वासानं माझं डोकं अजून तापते. नातीच्या शाळेची तालुक्याची बास्केटबॉलची फायनल होती, एका गुणानं मागं होत्या पोरी, जिंकल्या तर जिल्ह्याला जाणार. शेवटच्या घडीला नातीनं बॉल वर उचलला अन् समोरच्या पोरीनं असा फटका मारला, की मला बाहेर ऐकू आला. बॉल पडला, फाऊलची शिट्टी वाजलीच नाही, खेळ संपला. नात रडकुंडीला येऊन हात दाखवू लागली, तर पंच म्हणतो, "बॉलवरचा हात म्हणजे बॉलच. फाऊल नाही." अरे, नियम मलाही माहीत होता, नातीनंच शिकवलेला. बॉलवरच्या पंजाला लागलं तर चालते, मनगटाला लागलं तर फाऊल. मी सरळ मैदानात गेले. "काऊन जी सर, हे लाल वळ पंजावर दिसून राहिले का तुमाले?" "आजी, तुम्हाला खेळातलं काय समजते? बाहेर व्हा." मला काय समजते! चाळीस वर्षं गोरेगावच्या बाजारात बांगड्या भरल्या मी. घरी आंबेहळदीचा लेप लावताना पाहिलं, वळ नेमके बांगडीच्या जागी. नातीनं पुढं बॉलला हात लावला नाही. परवाच्या बाजारात तोच पंच बायकोला घेऊन माझ्याकडं आला, मला ओळखलंही नाही. मी तिचा पंजा दाबून बांगडी चढवली अन् म्हटलं, "पाहून घ्या सर, मनगट इथून सुरू होते." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करून राहिली.