अख्खं तिकीट

"एका गाण्याच्या कार्यक्रमाचं एवढं काय घेऊन बसलीस?" हे मला आजवर बऱ्याच जणांनी ऐकवलं आहे आणि त्यातल्या एकालाही मी सोडलेलं नाही. क्रिकेटची मॅच हरली की ज्यांना रात्रीचं जेवण जात नाही, त्यांनी तर मला हे सांगूच नये. तो गाण्याचा कार्यक्रम नव्हता. ती रॉक कॉन्सर्ट होती, माझ्या बँडची, आणि मी पुण्यात कॉलेजात असल्यापासून तिची वाट पाहत होते.

हॉस्टेलवर माझ्या रूममेटच्या भावाने परदेशातून एक कॅसेट आणली होती. तिला ती आवडली नाही म्हणून माझ्याकडे आली. सुट्टीत घरी लावली तर आई म्हणाली, "हे काय किंचाळणं? बंद कर." मी आवाज वाढवला. त्या गायकाचा आवाज ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की गप्प बस म्हटल्यावर गप्प न बसणारं कुणीतरी जगात आहे. मला तोवर पुष्कळ जणांनी गप्प बस म्हटलं होतं. ती कॅसेट घासून घासून शेवटी फक्त खरखर वाजायला लागली, तरी मी ऐकत होते.

तो बँड भारतात कधी आला नाही. मी पोस्टडॉकला जपानला आले त्याचं कारण संशोधन हे होतंच. पण मोठे बँड जपानला हमखास येतात, हेही मला ठाऊक होतं. मुलाखतीत मी ते बोलले नाही एवढंच.

आणि ते यायचे होते. दोन हजार अकराच्या वसंतातल्या कॉन्सर्टचं तिकीट मी आधीच काढून ठेवलं होतं. मार्चमध्ये भूकंप झाला. आम्ही तेव्हाही टोकियोलगतच्या ग्योतोकुलाच राहायचो. आसपास जमिनीतून वाळू-चिखल वर आला होता, दुकानात पाण्याच्या बाटल्या मिळत नव्हत्या, आणि दर थोड्या वेळाने टेबलावरचे कप आपोआप किणकिणायचे. दोन्ही घरून रोज फोन: आधी परत या. ओळखीची कितीतरी कुटुंबं बॅगा घेऊन विमानतळावर गेली. लहान मुलं होती, त्यांना मी नावं ठेवत नाही. आमचीही मुलगी तेव्हा पाळणाघरात जात होती. पण आम्ही राहिलो. नवऱ्याचं ऑफिस होतं, माझे प्रयोग अर्धे झाले होते, आणि खरं सांगायचं तर मला कुणी पळ म्हटलं की माझे पाय रोवले जातात.

बँडने मात्र दौरा रद्द केला. त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल? उत्तरेकडे लोकांची घरंच्या घरं, माणसंच्या माणसं गेली होती. त्यापुढे माझी कॉन्सर्ट म्हणजे काय, हे कळण्याइतकी अक्कल मला होती, म्हणून मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पण लागलं मला. मी थांबले आणि ते आले नाहीत, हे लागलं. मग तिकीट परत पाठवा, पैसे मिळतील, अशी सूचना आली. मी मुकाट्याने पाकिटात घालून पाठवलं. पैसे आले, डाळ-तांदळात संपले. मी कधी तिकीट काढलं होतं, याची खूणसुद्धा घरात उरली नाही.

काही वर्षांनी बातमी आली, की बँड निवृत्त होतोय. शेवटचा दौरा, टोकियोत फेब्रुवारीतला शनिवार. इथे मोठ्या कॉन्सर्टची तिकिटं सोडतीने मिळतात. अर्ज करायचा आणि देवाचं नाव घेत बसायचं. माझा नंबर लागला तेव्हा मी लॅबमध्ये ओरडले आणि शेजारच्या खोलीतून दोघंजण काय सांडलं ते बघायला धावत आले. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, जाऊन मशिनवर तिकीट छापून घेतलं आणि घरात सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून देव्हाऱ्यात गणपतीखाली ठेवलं.

तिथेच घोळ झाला. सासूबाई तेव्हा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. घरात काहीही नवीन आलं की त्याला हळदकुंकू लावायचं, हा त्यांचा नेम. आमच्या राइस कुकरवरही बोट उठलेलं होतं. सकाळी बघते तर तिकिटाच्या कोपऱ्यावर कुंकवाचा ठसठशीत टिळा.

"आई! हे तिकीट आहे! आता दारावर घेतील का ते?"

"का नाही घेणार? देवापाशी होतं. चांगलं असणार म्हणून लावलं."

मी ओल्या कापसाने पुसायला गेले तर कुंकू आणखी पसरलं. त्यावर नवरा हसला, आणि ते त्याला महागात पडलं.

दुसरा घोळ त्याहून मोठा. त्याच शनिवारी सासूबाईंनी हळदीकुंकू ठरवलं होतं. पुढच्याच आठवड्यात रथसप्तमी, म्हणजे शेवटचा शनिवार तोच. ओजिमा आणि फुनाबोरी या आपल्या लोकांच्या वस्त्यांमधल्या बायकांना आमंत्रणंही गेली होती.

"मी नसणार त्या दिवशी," मी सांगितलं.

"अगं, घरचं हळदीकुंकू आणि घरची सूनच नाही? लोक काय म्हणतील?"

"इथे कुठले लोक, आई? मोजून दहाजणी."

"त्या दहाजणी म्हणजेच लोक."

शेवटी तह झाला: पहिल्या आलेल्या पाचजणींना मी कुंकू लावायचं, मग निघायचं. कार्यक्रम संध्याकाळचा, लोकलने जेमतेम अर्धा-पाऊण तास. शब्द दिला म्हणजे दिला.

शुक्रवारी लॅबमधला एक सहकारी, जो स्वतःही त्या बँडचा वेडा होता, हळूच माझ्या टेबलापाशी आला. उद्या मोठा बर्फ आहे, तो आजच भावाकडे शहरात मुक्कामाला चाललाय, तुम्हीही लवकर निघा, म्हणाला. रात्री ओजिमाच्या मैत्रिणीचा फोन. "सकाळीच माझ्याकडे ये. इथून पुढे मेट्रो सगळी जमिनीखालून आहे, बर्फ पडो नाहीतर दगड."

"मला पाचजणींना कुंकू लावायचंय."

"वेडी आहेस का? बर्फात येणार कोण? मी स्वतःच येत नाहीये!"

शनिवारी उठले तर समोरच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे नुसते उंचवटे दिसत होते. टोकियोत असा बर्फ मी तोवर पाहिला नव्हता. आडवा येत होता, वाऱ्याबरोबर. मी जीन्स आणि बँडचा काळा टी-शर्ट घालून बाहेर आले. सासूबाईंनी डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"हळदीकुंकवाला हे?"

"संक्रांतीच्या सणाला काळंच घालतात ना?"

त्यांनी तीळगुळाचा डबा जरा जोरात आपटला.

बायका येईनात. आमच्याच इमारतीतल्या दोघी दुपारी खाली उतरून आल्या, मग मागच्या गल्लीतली एक, गमबूट आणि पैठणी. मी दाराशी उभी, हातात कुयरी, डोळे घड्याळावर. चौथी आली, आणि पाचवी येते येते म्हणून फोनच करत राहिली. ती आली तेव्हा मी तिला इतक्या घाईने कुंकू लावलं की ते नाकावर गेलं. कोट चढवला, तिकीट घेतलं आणि निघाले.

ग्योतोकुहून शहराकडे जाणारी आमची गाडी उंच पुलांवरून धावते. दोन नद्या ओलांडायच्या. दुसरी आराकावा, चांगली रुंद. ती पार केली की गाडी जमिनीखाली शिरते आणि मग वर प्रलय झाला तरी फरक पडत नाही. पहिली नदी आम्ही गोगलगायीच्या चालीने ओलांडली. दुसऱ्या नदीच्या अलीकडच्या स्टेशनवर, निशी-कासाईला, गाडी थांबली. आराकावाच्या पुलावर वारा धोकादायक आहे, गाडी पुढे जाणार नाही, अत्यंत दिलगीर आहोत, असं एक शांत आवाज पुन्हा पुन्हा सांगायला लागला. डब्यातले लोक एकेक करून उठले. कुणी हुज्जत घातली नाही. टॅक्सीच्या रांगेत पन्नासएक माणसं आणि टॅक्सी एकही नाही. बस बंद.

नदीच आहे ना, म्हटलं. चालत जाऊ. गाडीच्या पुलाला लागून मोटारींचा पूल आहे, त्याला फुटपाथ आहे. छत्री पहिल्याच कोपऱ्यावर उलटी झाली, ती एका दारापाशी टेकवून ठेवली. बूट आतून ओले, पापण्यांवर बर्फ. मी मोठ्याने त्यांचंच गाणं म्हणत चालले होते. ऐकायला रस्त्यावर कुणी नव्हतंच.

पुलाच्या तोंडाशी दोरी बांधलेली. तिथे एक वयस्कर रखवालदार, हेल्मेटवर बर्फाचा थर, हातात लाल दिव्याची कांडी. फुटपाथ बंद आहे, म्हणाला, आणि कमरेत वाकला.

मी म्हटलं, मी माझ्या जबाबदारीवर जाते. तो वाकला. मी म्हटलं, पलीकडे गेलं की गाडी मिळते, वीस मिनिटांचा प्रश्न आहे. तो आणखी वाकला. माझा आवाज जितका चढला तितका तो खाली गेला. माणसाने भांडावं तरी कसं? शेवटी मी कोटाच्या आतून तिकीट काढून त्याच्यापुढे धरलं आणि सांगितलं, की मी कॉलेजात असल्यापासून थांबलेय, भूकंपाच्या वर्षीही थांबले होते, आणि हे परत येणार नाहीत.

त्याने कांडी काखेत धरली, हातमोजे काढले आणि तिकीट दोन्ही हातांनी घेतलं. त्यावर पडलेला बर्फ बोटाने टिपला. बँडचं नाव, तारीख, दाराचा नंबर, आसन, सगळं सावकाश वाचलं. कुंकवाकडेही पाहिलं. मग दोन्ही हातांनी परत दिलं.

"चांगली जागा मिळाली होती तुम्हाला," तो म्हणाला. "पण मी सोडू शकत नाही."

मी तिथेच रडले. संतापाने रडले, आणि त्याने माझ्याकडे पाठ केली, म्हणजे मला नीट रडता यावं. त्या दिवशी एवढ्या मोठ्या शहरात माझं तिकीट तपासलं ते त्या एकट्या माणसाने.

मागे जाणारी गाडी कशीबशी मिळाली. घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता आणि त्या पाचही जणी अजून बसलेल्याच होत्या, बाहेर पडायची हिंमत होत नव्हती म्हणून. माझी अवस्था बघून सोफ्यावरून मुलीने जपानीतच विचारलं, "दाइजोबु?" बरी आहेस ना, म्हणून.

"जाऊ दे गं," मागच्या गल्लीतली म्हणाली. "परत येतील की ते."

"नाही येणार!" मी ओरडले. "नाही येणार, आणि जाऊ दे म्हणू नका मला कुणी!"

फोनवर पाहिलं. कार्यक्रम रद्द झाला नव्हता. आलेल्यांसाठी ते वाजवणार होते. सुरू व्हायची वेळ झालीच होती. मी ओला कोट तसाच ठेवून बाल्कनीत गेले आणि पहिलं गाणं सुरू केलं. आवाज माझा फाटका, सूर लागत नाही. पण शब्द सगळे पाठ. दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. समोरच्या इमारतीत एक पडदा सरकला. सरकू दे.

मागे काचेचं दार उघडलं. सासूबाई शाल घेऊन उभ्या होत्या.

"झालं का?"

"नाही. अजून बरीच आहेत."

त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि आत वळून बायकांना म्हणाल्या, "यंदा वाण म्हणून स्टीलचे डबे आहेतच. पण हे ऐकून मगच जा." मग घर गार पडू नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं.

आठवडाभरात लिफ्टमध्ये एक नम्र सूचना लागली: हिमवृष्टीच्या काळात बाल्कनीत मोठ्या आवाजात गाणे कृपया टाळावे. कुणाचं नाव नव्हतं. त्या इमारतीत असलं काही करणारं दुसरं कोण होतं? माझ्या मैफलीचं तेवढंच परीक्षण छापून आलं आणि मी त्याचा फोटो काढून ठेवला.

बर्फानंतरच्या सोमवारी लॅबमधला तो सहकारी मला टाळत फिरत होता. शेवटी चहाच्या वेळी समोर आला, वाकला आणि म्हणाला, "माफ करा, मी जाऊ शकलो." मी त्याला बसवून घेतलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठली गाणी झाली ते क्रमाने सांगायला लावलं. पहिलं मी बरोबर ओळखलं होतं. मग त्याने ओळखपत्राच्या कव्हरमधून त्याचं तिकीट काढून दाखवलं. दारावर अर्धं फाडून घेतात, उरलेलं आपल्याकडे राहतं.

महिनाभराने आयोजकांची ईमेल आली. बर्फामुळे जे पोचू शकले नाहीत त्यांनी न फाडलेलं तिकीट पाठवावं, पैसे परत मिळतील.

"चला, निदान तेवढं तरी," नवरा म्हणाला.

"मी पाठवणार नाही."

"अगं, उपयोग काय आता त्याचा?"

"एकदा पाठवलं होतं. मग काही झालंच नव्हतं असं झालं. या वेळी झालंय. मी निघाले होते."

ते तिकीट अजून देव्हाऱ्यात गणपतीखाली आहे, कोपऱ्यावर पसरलेल्या कुंकवासकट. सासूबाई दर संक्रांतीला पुण्याहून व्हिडिओ कॉल करतात आणि तीळगूळ झाल्यावर विचारतात, "ते आहे ना गं?" मी फोन देव्हाऱ्यापाशी नेऊन दाखवते.

जे गेले त्यांच्याकडे अर्धं तिकीट आहे. माझं अख्खं आहे, आणि मी ते कुणाला फाडू देणार नाही.