कुळाचा खडा

पाटलानं माझ्या हातातला खडा काढून घेतला आणि आपल्या मुठीत टाकला. साऱ्या गावासमोर. म्हणाला, "कुळाचा खडा मालकाच्या मुठीत. तू जा, गोठ्याकडं बस."

कर्जतहून सरकारी कारकून आला होता. शेतीच्या अडचणी कोणत्या आणि त्यातली पहिली कोणती, हे गावानंच ठरवायचं होतं. पाटलाच्या अंगणात तीन वस्तू मांडल्या. डुकराचा सुळा, बांध पोखरणाऱ्या खेकड्याची नांगी, ऐनाच्या झाडाची टहाळी. दर घराला एक खडा. जिच्यापुढे ढीग मोठा, ती अडचण कागदावर सगळ्यांच्या वर.

आम्हा कुळांची अडचण टहाळी. रान राखीव झालेलं, तोडायला बंदी. टहाळ्या जाळून राबाचा वाफा भाजल्याशिवाय भाताचं रोप धड उगवत नाही. पाटलाची स्वतःच्या माळावर झाडं, त्याचं काय अडतंय! त्याला डुकरांसाठी बंदुकीचा परवाना हवा होता. नवरा तापानं पडलेला, म्हणून घराचा खडा घेऊन मी गेले होते.

खरं सांगू? खडा गेल्याचा मला रागच आला नाही. माझा डोळा ओटीवरच्या ठकूवर. पाटलाची सून. दोघी माहेरच्या पोशीर गावच्या, लहानपणी एका बांधावर खेकडे धरलेल्या. आता तिच्या हातात पाटल्या, माझ्या नखांत चिखल. नुसती जळत होते. केवढी शहाणी मी! घराचा खडा गेला आणि बाई पाटल्या बघतेय.

ठकूनं हळूच खुणावलं. "ये गं वर. सुळ्याला टाकीन म्हण. मामंजींना सांगते मी, तुजा खडा येगळा धरतील."

आणि मी चढले की! ठिगळ दिसू नये असा पदर खोचून ऐटीत बसले. सावली. सारवलेली गार जमीन. तिनं विडा दिला, तोही चघळला.

वरून अंगण दिसलं. आमची सगळी कुळं उन्हात उभी. खडे मुकाट देऊन टाकलेले, हात रिकामे. पाटलानं मूठ उघडली. सगळे खडे सुळ्यापुढे. टहाळीपुढे एक नाही. कारकून लिहायला वाकला.

मी विडा थुंकून टाकला. उतरले. त्या ढिगातला एक खडा उचलून टहाळीपुढे ठेवला.

"पाटील, राब मी भाजते. खडा माजा हाय."

"कुनाशी बोलतेस गं? जमीन काढून घेईन."

"घ्या. खडा नाय मिळायचा."

ठकू फिसकन हसली. कारकुनानं डुकरंच पहिली लिहिली. जमीन त्याच साली गेली. पुढं जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबले.

खडा मात्र निघताना उचलून आणला. चुलीमागं आहे. ठकूच्या पाटल्या आठवल्या की अजून जळते, खोटं कशाला बोलू? पण पुन्हा कोणी अडचणी विचारायला आला, की हा खडा टहाळीपुढेच पडेल. मी नसले तर नातसून टाकेल. तिला एवढंच बजावलंय: ओटीवर चढायचं नाही.