खंडेनवमीचं पिस्तूल आणि चेक-इनची रांग

दसऱ्यानंतरच्या शनिवारी, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर माझ्या आईवर अन्याय झाला. तिला रांगेतून बाहेर काढून एका खांबाशी उभं केलं आणि सहा अठ्ठेचाळीसपर्यंत तिथेच ठेवलं. वेळ मी तेव्हाच लिहून ठेवली. आमच्याकडची एक बस बंद होणार होती, तेव्हापासून मी पत्रकं लिहिते, आणि पत्रकवाल्यांना ही खोड लागतेच. कोणाला, कधी, किती वाजता. बाकीचं नंतर.

बाकीचं असं, की माझ्याकडे पिस्तूल होतं.

घाबरू नका. ह्या देशात, म्हणजे इंग्लंडमध्ये, काडतुसाच्या पिस्तुलाला बंदी आहे आणि ती असावी, असं माझं मत आहे. माझं पिस्तूल हवेवर चालतं. ज्वारीच्या दाण्याएवढी शिशाची गोळी, आणि दहा मीटरवर कागदाचं टार्गेट. वॉटफर्डमध्ये एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आमचा क्लब भरतो. तिथे मंगळवारी आम्ही नेम धरतो आणि बुधवारी त्याच हॉलमध्ये तान्ह्या बाळांचा प्लेग्रुप असतो. इंग्लंडमध्ये अशा पिस्तुलाला लायसन्स लागत नाही, वय अठराच्या वर असलं की झालं. पण स्कॉटलंडची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. तिथल्या पोलिसांचं व्हिजिटर परमिट लागतं. मी ते दोन महिने आधी मागितलं, मिळालं, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं.

ग्लासगोला त्या दुपारी मॅच होती. आमच्या विभागाच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती त्या मॅचच्या स्कोअरवर ठरणार होती. तीन वर्षं मी त्या जागेच्या मागे होते. ट्रेन सोयीची होती, पण त्या वीकेंडला रूळांचं काम निघालं होतं आणि अर्ध्या वाटेला रिप्लेसमेंट बस. म्हणून विमान. आई सोबत आली, कारण तिला ग्लासगो बघायचं होतं आणि मी परगावी नीट जेवत नाही ह्याची तिला खात्री आहे.

विमान कंपनीचे नियम मी छापून घेतले होते. पिस्तूल कडक पेटीत, कुलपात. काउंटरवर स्वतःहून सांगायचं. आणि हवेचा सिलिंडर, म्हणजे पिस्तुलाच्या नळीखाली बसते ती वीतभर लांब नळकांडी, पूर्ण रिकामा. मंगळवारी क्लबमधून आल्यावर मी तो रिकामा केला, यादीवर टिक मारली आणि पेटी कपाटात ठेवली.

बुधवारी खंडेनवमी होती.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं आणि अवजारं पूजतात. आई गाडी पूजते, मिक्सर पूजते, बाबांचा लॅपटॉप पूजते. बाबा ब्रॅकनेलच्या एका आयटी कंपनीत आहेत, त्यांच्या मते त्यांचं हत्यार कीबोर्डच. गेल्या तीन वर्षांपासून पाटावर माझं पिस्तूलही असतं. मी आईला बजावलं होतं, "नळीत काही जाता कामा नये." ती म्हणाली होती, "मला शिकवू नकोस, मी मिक्सरच्या भांड्यात तरी अक्षता टाकते का?" मग मी कामाला गेले.

तर शनिवारी काउंटरवर माझ्याच वयाचा एक मुलगा होता. मी पेटी वजनकाट्यावर ठेवली, आईने सवयीने तिच्यावर हात ठेवला. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की माझ्याकडे एक स्पर्धेचं एअर पिस्तूल आहे, ते मी जाहीर करते आहे, ही कागदपत्रं.

"गन?" तो ओरडला. सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

"एअर पिस्तूल. हे परमिट, हा तुमच्याच कंपनीचा ईमेल, हे तुमचे नियम."

त्याने फोल्डरला हात लावला नाही. आईकडे बोट केलं. "मॅडम, पेटीपासून लांब व्हा. तिकडे. खांबाशी. हलू नका." मग फोन उचलला.

मला बाजूला उभं केलं असतं तर मी भांडले असते. मी त्यात पटाईत आहे. पण आईला! तिने थंडीचा कोट घातला होता, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा होता, आणि ती खरंच हलली नाही. रांगेतल्या दोघा-तिघांनी फोन वर केले. एक माणूस म्हणाला, "आता आपलं विमान लेट होणार." मी नियम मोठ्याने वाचायला लागले, पहिल्यापासून. कोणी ऐकलं नाही.

अठ्ठावीस मिनिटांनी एक पोलीसबाई आली. तिच्या छातीवर माझ्या पिस्तुलापेक्षा कितीतरी मोठी बंदूक होती, आणि तिच्याकडे कोणी फोन रोखला नाही. तिने परमिट वाचलं. अर्धं मिनिट लागलं. घड्याळ लावून सांगते, अर्धं मिनिट.

"आईला इकडे बोलवा," ती म्हणाली. "आणि आपण बाजूच्या खोलीत पेटी उघडू."

मी कुलूप काढलं. आतल्या फोमवर हळद. पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर कुंकू. ट्रिगरपाशी झेंडूची एक पाकळी.

"हे काय?"

आई पुढे झाली. तिचं इंग्रजी चांगलं आहे, फक्त ती ते हळू बोलते. "वर्षातून एकदा आम्ही कामाच्या वस्तूंची पूजा करतो. गाडीचीही केली."

"गाडीला उपयोग झाला?"

"एमओटी पास झाली." एमओटी म्हणजे इथली गाड्यांची वार्षिक तपासणी.

पोलीसबाई हसली. मीही हसले. मग तिने सिलिंडरच्या टोकावरच्या काट्याकडे बोट केलं. "हा रिकामा असायला हवा ना? काटा तर दोनशेवर आहे."

दोनशे म्हणजे काठोकाठ भरलेला. मी आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुझे बाबा."

आम्हाला सोडायला आलेले बाबा अजून कारपार्कमध्येच होते. फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, सिलिंडर कोणी भरला?"

"मी! पूजेच्या वेळी बघितलं तर काटा शून्यावर. म्हटलं, रिकामं काय पूजायचं? तुझ्या त्या मोठ्या टाकीवरून भरून टाकला. अगदी फुल्ल."

"बाबा, मी तो मुद्दाम रिकामा केला होता!"

"अगं, शेजारणीचा डबासुद्धा आपण रिकामा परत करत नाही. तू तर मॅचला चालली होतीस."

चूक बाबांची होती, पण टिक माझी होती. मंगळवारी मारलेल्या टिकवर शनिवारपर्यंत विसंबून राहिले. जगाला नियम वाचायला सांगणारी मी, स्वतःची पेटी परत उघडून बघितली नाही. हे इथे लिहून टाकते, नाहीतर बाकीचं लिहायचा मला हक्क नाही.

पोलीसबाईने घड्याळ पाहिलं. सहा पंचावन्न. बॅगा घेणं सात दहाला बंद. हवा सोडायचा छोटा पितळी स्क्रू पेटीतच असतो, तो मी लावला आणि फिरवला. जो आवाज सुरू झाला, तो बंदच होईना. बाहेरचा गार्ड आत डोकावला. पोलीसबाईने त्याला हातानेच थांबवलं. आई डबा मांडीवर घेऊन शांत बसली होती. म्हणाली, "तीन शिट्ट्यांचं काम झालं, आता गॅस बंद कर."

काटा शून्यावर आला. पोलीसबाई स्वतः आमच्याबरोबर काउंटरपर्यंत चालत आली. मुलाने पेटीला टॅग लावला, माझ्याकडे न बघता. "सॉरी" म्हणाला नाही. आई त्याला "थँक यू" म्हणाली आणि मी भडकले.

"आई, थँक यू कशाबद्दल?"

"घाबरला होता गं पोरगा. त्याला कोणी शिकवलेलं नसणार. त्याचं मला काही वाटलं नाही."

"मग कशाचं वाटलं?"

विमानात पट्टा लावल्यावर ती म्हणाली, "रांगेत एक जोडपं होतं. मराठी. ती त्याला म्हणाली, 'आपल्याकडचेच दिसतात.' तो म्हणाला, 'तिकडे बघू नकोस, उगाच आपल्यालाही विचारतील.' मी तीन पावलांवर उभी होते."

मग तिने डबा उघडला आणि मला लाडू दिला. शेजारच्या स्कॉटिश आजोबांनाही दिला. त्यांनी दुसरा मागून घेतला.

ग्लासगोच्या क्लबमध्ये एका सत्तरीच्या बाईंनी माझा सिलिंडर भरून दिला आणि मुठीवरचं कुंकू बघून विचारलं, "हे लकी आहे का?" मी म्हटलं, आज सकाळी तरी नव्हतं. साठ गोळ्या झाल्या तेव्हा कुंकवाने अंगठा लालभडक झाला होता आणि स्कोअर पाचशे एक्कावन्न होता. दुसऱ्या नंबरच्या मुलीचा पाचशे पन्नास. जागा मला मिळाली. आईने हॉलभर लाडू वाटले. फोनवर बाबा म्हणाले, "बघ, भरलेला होता म्हणून." त्यांना अजून पटलेलं नाही.

त्या मुलाविरुद्ध मी तक्रार केली. त्याच्या कंपनीला लिहिलं, की काउंटरवरच्या लोकांना स्वतःचे नियम वाचायला द्या. उत्तर आलं तर कळेलच. पण हे पान मी कंपनीसाठी लिहिलेलं नाही. हे मराठीत आहे, म्हणजे तुमच्यासाठी आहे. त्या रांगेत तुम्ही नसालही, पण पुढच्या एखाद्या रांगेत असणार. एक बाई खांबाशी उभी असेल, हातात डबा असेल, आणि तुम्हाला तिची भाषा कळत असेल. तेव्हा फोन खिशात ठेवा. रांगेतली जागा जाईल, जाऊ द्या. तिच्याशेजारी जाऊन उभे राहा आणि मोठ्याने, मराठीत विचारा, "काकू, काय झालं?"

एवढंच करा. पण करा.