तीर्थासारखी गोळी

आईने आज आमटीची वाटी पुढे केली आणि म्हणाली, "अजून आहे का गं?" माझ्या हातातली पळी तशीच राहिली! कितीतरी दिवसांत तिने स्वतःहून काही मागितलं नव्हतं. दोन घास झाले की छातीत जळजळतं म्हणायची आणि ताट सरकवायची. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, वय झालं, भूक कमी होणारच.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गुडघ्याची गोळी कधी घेता?" आई अभिमानाने म्हणाली, "अंघोळ, पूजा झाली की लगेच. तोंडात अन्नाचा कण जायच्या आधी."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, ही उपाशीपोटी घेतली तर पोटात आग होणारच! जेवून घ्यायची." गोळीही त्यांनी बदलून दिली.

जे बरं करतं ते शुचिर्भूत होऊनच घ्यायचं, एवढंच आईला आजवर ठाऊक होतं. म्हातारपणाच्या नावावर आपण काय काय खपवतो, कोण जाणे! भूक बिचारी तिथेच होती, त्या इवल्याशा गोळीखाली दबून.

आईने दुसरी वाटी चाटूनपुसून संपवली! मग हात धुऊन उजवा तळवा खोलगट करून पुढे धरला. मी त्यात गोळी ठेवली. ती गिळून तिने ओला हात केसांवरून फिरवला, अगदी तीर्थ घेतल्यासारखा. आणि लगेच विचारलं, "उद्या काय करणार आहेस गं जेवायला?"