काकूंची कँडी आणि काकांचे शेरे

मोठा फ्रीझर असलेला फ्रीज आणि रिकाम्या दुपारी एकत्र आल्या की किस्से आपोआप साठतात, बर्फासारखे. आमच्या बिबवेवाडीच्या बिल्डिंगमध्ये असा फ्रीज पहिल्यांदा आला तो सुलभाकाकूंकडे. बंगलोरला आयटीत असलेल्या लेकीने घेऊन दिलेला. तेव्हापासून काकूंनी उन्हाळाभर फळांची कँडी करायचा सपाटाच लावला. मी आणि शेजारची अमरावतीची वंदना मदतीला.

कँडी सगळ्यांना आवडायची. पण काकूंना हवं होतं काकांचं एक "छान". लग्न झाल्यापासून तो शब्द काही त्यांच्या वाट्याला आला नव्हता.

*

पहिली कलिंगडाची. बिया काढून, गाळून, स्टीलच्या पेल्यांत लावली.

"अहो, कशी झालीये?"

काकांनी शेवटच्या थेंबापर्यंत चोखली. मग म्हणाले, "थंड आहे."

*

रस पातळ असतानाच काड्या खोचल्या, त्या सगळ्या कलंडल्या. आधी रस जरा धरू द्यायचा, मग काडी, हे आम्हाला नंतर सुचलं! काकांनी वाकडी काडी निरखून विचारलं, "ही कशी धरायची, त्याचा क्लास आहे का?"

*

वंदनाचा नवरा खराडीला नोकरीला. त्याने ऑफिसमधल्या कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या आणल्या. अख्खी संत्र्याची कँडी काडीवरून सुटून काकांच्या इस्त्रीच्या शर्टावर!

"अरे देवा, काय होऊन राहिलं हे!" वंदना कळवळली.

काका शांत. "काडी छान आहे. लवकर सुटते."

काकू आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना गं? म्हणजे शब्द येतो त्यांना!"

*

मार्केट यार्डातून आणलेली आंब्याची पेटी एकदम पिकली. काकू दुपारभर रस काढत बसल्या. वेलची, चिमूटभर मीठ, सगळं बेतशीर. मला वाटलं, आज नक्की!

काका म्हणाले, "आंबा नुसताही बरा लागतो."

काकू आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मला काकांचा भयंकर राग आला.

*

पुढे लेकीच्या बाळंतपणाला काकू बंगलोरला गेल्या. जाताना जांभळाची कँडी करून ठेवली.

तेव्हा आमच्याकडे दर गुरुवारी दिवसभर लाइट जायची. सकाळी काका एक स्टीलचा डबा टॉवेलात गुंडाळून पलीकडच्या गल्लीतल्या मित्राकडे जायचे, तिथे लाइट असायची. संध्याकाळी डबा परत. "काय आहे हो काका?" विचारलं, तर "डबा आहे!"

काकू परतल्या त्या दिवशी मी बॅग वर आणून दिली. त्यांनी आल्या आल्या फ्रीझर उघडला. तोच डबा, आत एकच कँडी.

"अहो, ही का ठेवलीत? नाही आवडली?"

काका पेपरातून मान वर न करता म्हणाले, "शेवटची होती. खाल्ली असती तर संपली असती."