सुपडू मिस्तरीची गोल टाकी

भडगाव तालुक्यात गिरणाकाठच्या कुठल्याही जुन्या विहिरीत वाकून बघा, तिचं दगडी बांधकाम बहुतेक सुपडू मिस्तरीचंच निघेल. चौकशी करायची गरज नाही, सुपडू स्वतःच येऊन सांगायचा. मधोमध खुंटी ठोकायची, तिला दोरी बांधायची आणि भोवती फिरत गोल आखायचा, एवढीच त्याची विद्या. पण त्याच्या विहिरीचा दगड कधी हलला नाही. काम संपलं की तो काठावरून वाकून आपलंच नाव पुकारायचा. विहीरही "सुपडूऽ" म्हणायची, आणि स्वारी खूश!

ऐंशीचं दशक उतरणीला लागलं आणि गावोगाव बोअर पडायला लागले. विहीर खणायला कोणी तयार होईना. सुपडू ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला बोअरच्या पाण्याची खोड सांगू लागला. अशात एका सकाळी कमलबाई भोई दारात येऊन उभी राहिली.

कमलबाई बाजारात मासे विकायची. उन्हाळ्यात गिरणा आटली की तिची पाटी रिकामी पडायची, म्हणून तिने आपल्या विहिरीशेजारी चौकोनी टाकी बांधून मासे पाळून पाहिले होते. ते जगले नाहीत.

"आबा, चौकोनी टाकीना कोपरामा घान साचस अन् मासा मरतस," ती म्हणाली. "माले गोल टाकी पायजे."

"गोल?" सुपडू ओट्यावरून उडीच मारून उठला. "मंग दुसराकडे जाऊच नको. गोल म्हंजे सुपडू!"

कमलबाईने त्याला घमेलं दाखवलं. त्यात ती मासे धुवायची. हाताने पाणी गोल फिरवलं की सगळे खवले फिरत फिरत मध्ये गोळा व्हायचे. सुपडूने ते परत परत फिरवून पाहिलं. त्याला खेळणंच मिळालं होतं. टाकीचा तळ परातीसारखा मध्ये उतरता करायचा, तिथून घाण काढायला पाइप ठेवायचा, आणि मोटारीचं पाणी कडेने तिरकं सोडायचं, म्हणजे टाकीतलं पाणी फिरतं राहील. दोघांनी जमिनीवर काडीने सगळं आखलं. सुपडूच्या तोंडात दुसरा विषय राहिला नाही.

वांग्यांच्या वाफ्याला लागून टाकी उभी राहिली. भिंत पुरुषाच्या छातीइतकी, गोल तर असा की दृष्ट लागावी. पाणी सोडायच्या दिवशी अर्धं गाव जमलं. नारळ फुटला. पाणी अर्ध्यावर चढलं, सुपडू नाव पुकारायला वाकणार, तेवढ्यात भिंतीतून एक उभी चीर सरसर वर गेली आणि टाकी फुटली! बघ्यांची धोतरं भिजली, वांगी मुळासकट वाहून गेली.

कमलबाई चिखलात उभी होती. "आबा, मना बठ्ठा वांगा गयात," ती म्हणाली. आणि मग हळूच, "मासास्ले सांगी ठेयेल शे. त्या येतीन तव्हय मी त्यास्ले कोठे ठेवू?"

हे दुसरं वाक्य सुपडूला फार लागलं. तिने सांगून ठेवलेली माशांची बोटाएवढी पिल्लं सरकारी केंद्रातून येत्या बाजाराच्या दिवशी यायची होती, आणि चौकोनी टाकी तर तिने त्याच्याच भरवशावर मोडली होती. टाकी झाली नाही तर पिल्लं मरणार आणि तिचं हे वर्ष बुडणार.

तो तुटलेल्या विटांपाशी बसला. सगळ्या विटा बाहेर पडल्या होत्या, आत एकही नाही. आणि त्याने कपाळावर हात मारला. जन्मभर त्याने विहिरी बांधल्या. विहिरीला माती बाहेरून रेटते; जितकी रेटेल तितके दगड एकमेकांना घट्ट धरतात. इथे पाणी आतून रेटत होतं. सुपडू मिस्तरीने जमिनीवर विहीर बांधून ठेवली होती!

तो तडक झुलाल लोहाराकडे गेला. बैलगाड्यांना रबरी टायर आले तेव्हापासून झुलालच्या अंगणात लाकडी चाकांच्या लोखंडी धावांचा ढीग गंजत पडलेला.

"झुलालभाऊ, चाकले धाव काबर घालतस?"

"चाक बाहेर फाकाले नको म्हनीसन," झुलाल म्हणाला. "तुले काय नवं शे त्यामा?"

सुपडूने त्याला मिठीच मारली. "मनी टाकी फाकी गयी रे भाऊ! तिले धाव घाल!"

झुलालची विझलेली भट्टी पुन्हा पेटली. धावा तोडून, ठोकून सरळ करून, एकाला एक सांधून त्याने मोठाल्या पट्ट्या केल्या. सुपडूने भिंत नव्याने चढवली, पट्ट्या बाहेरून वेढल्या आणि झुलालने बोल्ट आवळले. खाली पाण्याचा रेटा जास्त, म्हणून खाली पट्ट्याही जास्त. लोक हसले. म्हणाले, मिस्तरीने टाकीला करदोटा घातला.

बाजाराच्या दिवशी पिल्लांच्या पिशव्या आल्या आणि मोटार सुरू झाली. या वेळी सगळे लांब उभे. सुपडू मात्र भिंतीला पाठ लावून खाली बसला. फुटलीच तर पहिली माझ्यावर फुटू दे, असं त्याच्या मनात होतं. विटांतून गारवा हळूहळू त्याच्या पाठीवर चढत गेला. कंबर, खांदे, मान. पट्ट्या एकदा करकरल्या आणि गप्प झाल्या. पाणी काठाला लागलं तरी तो उठेना.

"आबा, टाकी तुमनी पाठवर उभी नही शे," कमलबाई म्हणाली. "उठा, मासा देखा!"

तो घाबरत उठला. भिंत जागची हलली नाही. आत पाणी गोल फिरत होतं आणि सगळी पिल्लं त्या धारेला तोंड देऊन, नदीत पोहावं तशी पोहत होती.

"ऱ्हायनी! मनी टाकी ऱ्हायनी!" सुपडू नाचू लागला. मग वाकून त्याने पाण्यावर मोठ्यांदा नाव पुकारलं. पिल्लं दचकून पांगली आणि कमलबाई त्याच्यावर खेकसली.

हसत हसत तो मागे वळला आणि थांबला. वांगी वाहून गेलेल्या वाफ्यात मधोमध खुंटी ठोकलेली होती, आणि तिच्याभोवती दोरीने आखलेला एक थोरला गोल होता.

"हाई कव्हय आखं?" त्याने विचारलं.

"सकाळे," कमलबाई म्हणाली. "पानी सोडाना पहिले."