दिलेलं नाव

चहा घ्या आधी. हा किस्सा सांगायला लागलो की माझा कप हमखास निवतो.

मी रोजनिशी लिहिणारा माणूस. पहूरची बस किती मिनिटं उशिरा सुटली, तेही माझ्या वहीत सापडेल! म्हणून मित्रांनी मला नाव दिलं होतं, 'बिनचूक'. जळगावच्या आमच्या पिंप्राळ्यात 'बिनचूककडे जायचंय' म्हटलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडायचा.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. आमच्या सोनवणे गुरुजींच्या मनात एकच होतं, बँकॉकची सोन्याची बुद्धमूर्ती एकदा डोळ्यांनी पाहायची. सलीमभाई टेलर म्हणाले, "गुरुजी, तुम्ही मूर्ती पाहा, मी कापडबाजार पाहतो." आणि मी? मी लिहून ठेवायला! मुंबईहून बँकॉकला जाणाऱ्या एका टूरमध्ये तिघांनी नावं नोंदवली.

मग आले पासपोर्टचे फॉर्म. भरणार कोण? अर्थात बिनचूक!

डिक्शनरी घेऊन बसलो. 'सरनेम' म्हणजे आडनाव, ठीक. पुढे 'गिव्हन नेम'. गिव्हन म्हणजे दिलेलं. आता तुम्हीच सांगा, बारशाला आपण नाव देतो का? छे! बारशाला नाव ठेवतात. मग दिलेलं नाव कुठलं? लोकांनी दिलेलं ते!

झालं. गुरुजी वर्गात आयुष्यभर एकच शब्द ओरडले, म्हणून त्यांचं नाव 'शांतता'. कपडे कधी मिळतील विचारलं की सलीमभाईंचं उत्तर ठरलेलं, म्हणून ते 'उद्या'. आणि मी बिनचूक. खाली 'आणखी कोणत्या नावाने ओळखतात?' असा रकाना होता. त्यात तिघांची खरी नावं लिहिली. दोन्ही बाजू पक्क्या!

गुरुजी सही करण्याआधी वाचायला लागले. मी म्हणालो, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" बिचाऱ्यांनी न वाचताच सही केली.

महिन्याभराने हवालदार चौकशीला आले. आधी सलीमभाईंच्या दुकानात.

"उद्या इथेच राहतो का?"

"हो साहेब. आजही इथेच, उद्याही इथेच. जाणार कुठे?"

"अहो, मला उद्याची चौकशी करायचीय!"

"मग उद्या या ना."

तिथून तणतणत गुरुजींच्या गल्लीत. गुरुजी शाळेत होते. नळावर धुळ्याकडच्या अक्का पाणी भरत होत्या.

"इथे शांतता आहे का?"

"शे ना भाऊ! बठ्ठी गल्लीमा शांतता शे. तक्रार कोनी करी?"

शेवटी घामाघूम होऊन आमच्या गल्लीत. "बिनचूक?" एवढंच विचारलं, तर चार जणांनी एकदम बोट दाखवलं, "हे काय, समोरचं घर!" आमच्या घरी त्यांना चहा मिळाला. म्हणाले, "आज एक तरी नाव खरं निघालं."

माझी छाती फुगली!

त्या दोघांचे फॉर्म लाल शाईच्या रेघा ओढून परत आले. गुरुजींनी ते स्वतः भरून पाठवले. माझा पासपोर्ट मात्र सगळ्यांच्या आधी आला. फोटो माझा, आडनाव माझं, आणि नाव? बिनचूक!

टूरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, तुमचं तिकीट खऱ्या नावाचं आहे. हे बिनचूक कोण?"

नाव बदलून यायला वेळ लागणार होता आणि विमान काही थांबणार नव्हतं.

गुरुजी म्हणाले, "राहू द्या. पुढच्या वर्षी तिघं मिळून जाऊ."

मी म्हणालो, "पुढच्या वर्षी कशाला? माझं मी बघतो."

सलीमभाई म्हणाले, "हे बिनचूक म्हणतात, म्हणजे आता नक्कीच चुकणार!"

तिघंही हसलो. पण इतक्या वर्षांची गुरुजींची इच्छा, ती माझ्या एका रकान्यापायी अडणार? म्हटलं, "तुम्ही जा. मूर्ती पाहून या आणि मला सगळं सांगा. मी लिहून घेतो."

दोघं गेले. दोन आठवड्यांनी बँकॉकहून पोस्टकार्ड आलं. पत्ता काय? 'बिनचूक, पिंप्राळा, जळगाव, भारत.' ना आडनाव, ना घर नंबर. तरी पोस्टमनने थेट माझ्या हातात दिलं.

मागे गुरुजींचं सुबक अक्षर होतं :

'मूर्ती पाहिली. डोळे भरून आले. विमानतळावर उतरल्या उतरल्या इथेही फॉर्म भरायला दिले होते. तुमची फार आठवण आली. मग आमचे आम्हीच भरले. कुणी अडवलं नाही.'